संदर्भ नमुना क्रमांक एक

दिवा (पूर्व),
१८ जानेवारी

ती. विमलताईंना,

प्रभाकरचा दिव्याहून वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो. तुमची तब्येत कशी आहे? विठ्ठलरावांच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला का? तुमची नात सान्वी आता धरून धरून चालते असं फोनवर कळलं, बरं वाटलं. इकडे थंडी बेताची आहे. पाणी एक दिवसाआड येतं आणि येतं तेव्हा मी कामावर असतो, त्यामुळे शेजारच्या शांताबाई माझं पिंप भरून ठेवतात. जेवण मी करतो. आमटी जमते. भात कधी जमतो, कधी त्याची खीर होते (साखर न घालता).

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, आणि हे मला सांगायचं आहे. शिवाय फोनवर तुम्ही मध्येच "मग?" असं विचारता. त्या "मग?"ला मी घाबरतो. (राग मानू नये. मंजुळाही तसंच विचारायची आणि तिलाही मी घाबरत असे. तुम्हा बहिणींच्या माहेरची रीत असावी.)

विषय जांभळ्या साडीचा आहे.

गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात की वर्षश्राद्धाला चार दिवस आधीच येते आणि कपाट मी स्वतः बघते, साडीला काय पाय फुटलेत की काय. मी "बरं" म्हणालो. तेव्हापासून हे पत्र लिहायचं ठरवतो आहे. कारण साडी कपाटात नाही हे मला ठाऊक आहे, आणि ती कुठे आहे हेही ठाऊक आहे. ती कल्याणच्या पुढे आमच्या कॉलेजात, कापड तपासायच्या लॅबमध्ये, लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे, आणि तिच्या चिठ्ठीवर कॉलेजचा शिक्का आहे. असं एकदम लिहिलं की चोरीसारखं वाटतं, म्हणून पहिल्यापासून लिहितो.

तेराव्याला तुम्ही म्हणालात, मंजूची ती जांभळी साडी मला आठवणीला दे, तेव्हा साडी कुठे आहे हे मला खरोखरच माहीत नव्हतं. तुम्ही दोन्ही कप्पे काढून पाहिलेत, गादीखाली पाहिलंत, तिच्या फॉल-पिकोच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्याही उलट्या केल्यात. तुम्ही देवरुखला परत गेलात आणि तिसऱ्या दिवशी पोपट इस्त्रीवाला गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. त्याच्याकडे ती आधीपासूनच होती. सुतकाच्या घरी इस्त्रीचे कपडे कसे द्यायचे हे त्याला कळेना, म्हणून त्याने ठेवून घेतली होती. तो नेहमी खालूनच "भाभी, कपडे!" अशी हाक मारायचा. त्या दिवशी कुणाला हाक मारावी हे न कळून तो नुसता उंबऱ्याशी उभा होता. मीही उभा होतो. बराच वेळ आम्ही दोघे तसेच उभे होतो, शेवटी शांताबाईंनी गाठोडं हातात घेतलं.

त्या साडीला मंजुळाने खळ घातलेली होती. दवाखान्यात न्यायच्या आधीच्या रविवारी भाताची पेज काढून तिने ती घातली, वाळवली, आणि सोमवारी इस्त्रीला दिली. मंगळवारचं तुम्हाला माहीत आहे.

मी तुम्हाला त्याच दिवशी फोन करायला हवा होता. फोन हातात घेतला होता. नंतर वाटलं, उद्या करू. नंतर तुमचाच आला आणि तुम्ही विचारलंत, मिळाली का? मी "बघतो" म्हणालो. एकदा "बघतो" म्हटलं की दुसऱ्या दिवशी "मिळाली" म्हणता येतं, पण महिन्याने म्हणता येत नाही. महिना झाल्यावर माणूस चोर ठरतो. असे चार महिने गेले.

पावसाळ्याच्या तोंडाला कपाटामागची भिंत ओली झाली. आमच्या इमारतीच्या भिंती तुम्ही पाहिल्या आहेतच, बिल्डरने त्या घाईने उभ्या केल्या आणि पाऊस त्या सावकाश खातो आहे. माझ्या दोन पँटींवर हिरवी बुरशी आली. ताई, खळ घातलेलं सुती कापड दमट जागी ठेवलं तर आधी बुरशी येते आणि मागून कसर लागते. कापड ठेवून द्यायचं असेल तर आधी धुऊन खळ काढून टाकावी. हा सल्ला मी एकतीस वर्षं मुलांना देत आलो आहे. तो मला पाळता येईना. बादलीत पाणी घेऊन दोनदा बसलो. एकदा तर तो पाण्याचा दिवस नव्हता, ते पाणी शेवटी संडासाला वापरलं.

आता आमच्या कॉलेजविषयी थोडं लिहायला हवं, कारण मंजुळाने तुम्हाला सांगितलं होतं की मी "कापडाच्या कॉलेजात" आहे, आणि विठ्ठलराव अजून समजतात की मी दुकानात ठाण मोजतो. आमच्या विभागात कापड आणि तयार कपडे यांची इंजिनिअरिंग शिकवतात. एका दालनात चाळीस शिवणयंत्रं आहेत, एकात कागदावर शर्टाचे भाग काढायची लांब टेबलं आहेत, एकात एक जुना हातमाग आहे (तो चालतो, चालवणारा नाही). आणि माझ्याकडे टेस्टिंग लॅब. तिथे कापड ओढून तोडायचं एक यंत्र आहे, घासून रंग काढायचं एक, धुऊन आटवायचं एक. थोडक्यात, घरात कापडाचं जे वीस वर्षांत होतं ते आम्ही एका दुपारी करतो. या लॅबला लागून एक थंड खोली आहे. तपासणीआधी कापड तिथे ठेवतात. बारा महिने, चोवीस तास, एकवीस अंश तापमान आणि पासष्ट टक्के दमटपणा. ना बुरशी, ना कसर, ना ऊन. मंजुळा दर एप्रिलमध्ये म्हणायची, त्या तुमच्या चिंध्यांना एसी आणि मला हातपंखा.

जूनमध्ये एके दिवशी मी साडी डब्याच्या पिशवीतून नेली आणि त्या खोलीत वरच्या फळीवर ठेवली. तेवढं केलं असतं तर काही झालं नसतं. पण त्या खोलीचा एक नियम आहे, तो कुठे लिहिलेला नाही. बिनचिठ्ठीचं कापड तिथे दुपारपर्यंत पट्ट्या होतं. मुलांना प्रॅक्टिकलसाठी कापड कमीच पडतं. आमचे विभागप्रमुख प्रशांत सर (नवे आहेत, तरुण, कामाचे) एकदा डब्याचा नॅपकिन तिथे विसरले. तासाभरात त्याची फाटण्याची ताकद काढून झाली होती, आणि जर्नलमध्ये शेरा होता की कापडावर तेलाचे डाग असून ते घरगुती वापरास अयोग्य आहे. सरांनी जर्नलवर सही केली आणि मग ओळखलं.

म्हणून मी साडीवर चिठ्ठी लावली. "संदर्भ नमुना क्र. १. हात लावू नये." क्रमांक का घातला ते सांगता येत नाही. नमुना म्हटला की क्रमांक असतो.

संदर्भ नमुना म्हणजे ज्याच्याशी बाकीची कापडं ताडून पाहायची असं प्रमाण कापड. आमच्याकडे असं काही नव्हतं. पण चिठ्ठी छान अक्षरात होती, आणि कॉलेजात छान अक्षरातल्या चिठ्ठीवर कुणी शंका घेत नाही. जुलैत प्रशांत सरांनी ती पाहिली आणि त्यांना वाटलं, आधीच्या सरांनी ठेवला असेल. मला विचारलं, हा कधीपासून आहे हो? मी म्हटलं, बऱ्याच दिवसांपासून. (हे खोटं नाही. दीड महिना झाला होता.) सर खूश झाले. त्यांनी मुलांना सांगितलं, न कापता जे जे मोजता येईल ते या कापडावर मोजा आणि आपलं कापड याच्याशी ताडा. ताई, तुम्हाला काय सांगू, दिवाळीपर्यंत बासष्ट मुलांनी भिंग लावून मंजुळाच्या साडीतले धागे मोजले. इंचात उभे चौऱ्याऐंशी, आडवे बहात्तर. ते आता त्यांना तोंडपाठ आहे. जाडी किती, वजन किती, सगळं जर्नलांत आहे. मी तिच्याबरोबर सव्वीस वर्षं संसार केला, मला यातलं काही माहीत नव्हतं.

एकच मुलगी होती, ऐश्वर्या, वर्तकनगरहून येते, शेवटच्या वर्षाला आहे, तिने एकदा विचारलं, "काका, रेफरन्सला फॉल कसा काय लावलेला?" मी म्हटलं, पहिल्यापासून आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या तासाला प्रशांत सरांनी फळ्यावर आकृती काढून फॉल म्हणजे कापडाच्या काठाला दिलेला आधार असं समजावून सांगितलं आणि विषय संपला.

डिसेंबरमध्ये नोटीस लागली की कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार आहे. असं झालं की आमच्याकडे भिंतींना रंग लागतो आणि मुलं वेळेवर येतात. नोटिशीखाली कार्यक्रम होता. साडेअकरा वाजता टेस्टिंग लॅब: संदर्भ नमुना क्र. १ वरून पाच पट्ट्या कापून समितीसमोर तोडणे. पट्ट्या कापणार: श्री. प्रभाकर.

मी ती नोटीस तीनदा वाचली. मग सरांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हटलं, सर, नमुना जुना आहे, कापू नये. सर म्हणाले, "प्रभाकर, साडेपाच मीटर कापड आहे, पाच पट्ट्यांनी काय होतंय? आणि मधोमध घ्या हां, टोकाचं कापड नियमात बसत नाही, तुम्हीच तर शिकवता मुलांना." तेव्हा सांगायला हवं होतं. सर वाईट माणूस नाहीत. पण सहा महिने बासष्ट मुलांना माझ्या बायकोची साडी मोजायला लावल्यावर ते वाक्य कुठून सुरू करायचं हे मला कळेना. आणि मधोमध म्हणजे कुठे, हे तुम्हाला सांगायला नको. तिथे निऱ्या येतात.

मग मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. मी कल्याणच्या बाजारात तशीच दुसरी साडी शोधायला गेलो. चार दुकानं झाली. जांभळा मिळाला तर काठ हिरवा नाही, काठ मिळाला तर रंग वांग्याचा. पाचव्या दुकानातल्या माणसाने विचारलं, कशी हवी काका? माझ्या डोक्यात धागे होते. मी म्हटलं, चौऱ्याऐंशीची. त्याने हात जोडले आणि आजीबाईंना शोभतील अशा मऊ, फिक्या साड्यांचा ढीग लावला. "वय झालं की अंगाला हलकी बरी पडते," म्हणाला. मग विचारलं, "कोण तुमच्या? आई का?" मी एका साडीचा काठ उलटून पाहिला. त्याने आपणहून आईला नमस्कार सांगितला. शेवटी बऱ्यापैकी सारखी एक मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, लॅब उघडायच्या वेळी, मी चिठ्ठी काढून नव्या साडीला लावली आणि मंजुळाची पिशवीत घातली.

साडेनऊला ऐश्वर्याने आरोळी ठोकली. "सर! हे आपलंवालं नाहीये! आपल्याला चौऱ्याऐंशी, ह्याला अठ्ठ्याहत्तर आहेत. मी तीनदा मोजलेले!" अख्खा वर्ग गोळा झाला. एक मुलगा म्हणाला, "आयला, रेफरन्स ढापला कोणीतरी." प्रशांत सरांचा चेहरा उतरला. समिती चार दिवसांवर. खोलीची किल्ली माझ्याकडे. पिशवी माझ्या टेबलाखाली, आणि पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. ताई, माझ्याच घरातली साडी चोरताना मला पकडलं.

मला मेमो मिळाला. एकतीस वर्षांत पहिला, आणि निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. "संदर्भ नमुना बदलल्याबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा करावा." मी खुलासा लिहिला: "नजरचुकीने." सरांनी तो वाचला आणि विचारलं, "नजरचुकीने तुम्ही बाजारात जाऊन दुसरी साडी आणलीत?" मी "हो" म्हणालो. त्यांनी साडी लोखंडी कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात घातली. पुढचे चार दिवस कुणी माझ्याशी नीट बोललं नाही. मला त्याचं काही नाही, मी तसाही फार बोलत नाही. पण चहाच्या वेळी टेबलावरून माझा कप बाजूला ठेवलेला दिसायचा.

समितीच्या दिवशी मी वीज जाण्याची वाट पाहिली. आमच्याकडे एरवी जाते. त्या दिवशी दिवे इतके लख्ख होते की भिंतीवरचा ताजा रंग ओला दिसत होता. साडेअकराला समिती आली. तिघे जण. अध्यक्षा एक सत्तरीच्या बाई होत्या, अंगावर साधी सुती साडी, चष्म्याला दोरी. प्रशांत सरांनी कपाट उघडलं, साडी काढून टेबलावर पसरली, वर पट्टीचा पत्र्याचा साचा ठेवला, बरोबर मधोमध. कात्री माझ्या हातात दिली. मागे मुलं दाटीने उभी होती. यंत्र चालू करून ठेवलेलं होतं, त्याचा बारीक आवाज येत होता.

एकतीस वर्षांच्या सवयीने मी डोळे मिटूनही सरळ पट्टी कापू शकतो. कात्री उघडली. ती कापडाच्या काठाशी नेली. मग हात चालेना. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. प्रशांत सर हळू आवाजात म्हणाले, "प्रभाकर." मग जरा मोठ्याने म्हणाले, "प्रभाकर, कापा." मी कात्रीचं पातं कापडावर टेकवलं. खळीमुळे ते जरा कुरकुरलं. तो आवाज मला माहीत होता. सकाळी ती नेसायची तेव्हा तो यायचा.

अध्यक्षबाई पुढे आल्या. त्यांनी साचा बाजूला केला, कापड चिमटीत धरलं, चोळलं आणि सरळ नाकाशी नेलं. "पेज," त्या म्हणाल्या. "भाताची. संदर्भ नमुन्याला घरची खळ कोण घालतं हो?" प्रशांत सर म्हणाले, मॅडम, हा जुना नमुना आहे. बाईंनी काठ उलटा केला. "आणि फॉल हाताने लावलाय. टाके बघा किती बारीक आहेत. हे कुणाचं काम?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. मुलांनीही माझ्याकडेच पाहिलं. माझ्या हातात अजून उघडी कात्री होती.

मी म्हटलं, "मिसेसचं."

"कुणाच्या मिसेसचं?" सर म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"माझ्या." मग तिथेच थांबायला हवं होतं, पण बोललो. "ती आता नाही. खळ राहिली आहे."

ऐश्वर्याने पुढे येऊन माझ्या हातातून कात्री काढून घेतली, लहान मुलाच्या हातातून काढतात तशी. मला वाटलं, आता नोकरीही जाणार आणि कॉलेजची तपासणीही बुडणार. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला आणि कोरडेपणाने विचारलं, "ब्लाउजपीस कापलाय का?"

कापला नव्हता. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही दोघींनी तुमच्या सुदेशच्या लग्नात जोडीने साड्या घेतल्या तेव्हा तुम्ही तुमचा ब्लाउज लगेच शिवून घेतलात. मंजुळा म्हणाली होती, माझ्याकडे दुसरा आहे, हा तुकडा राहू दे, सुदेशला मुलगी झाली की फ्रॉक शिवीन. तो तुकडा अजून साडीलाच होता. बाई म्हणाल्या, मग पट्टी त्यातून घ्या, एकच पुरे. प्रशांत सर चाचरत म्हणाले, मॅडम, टोकाचं कापड नियमात बसत नाही. बाई म्हणाल्या, "नियम मला नका सांगू, मी ते तीस वर्षं शिकवलेत. कापा."

कात्री मी परत मागून घेतली. पट्टी मीच कापली. सरळ आली. यंत्राच्या दोन जबड्यांत धरली, बटण दाबलं. आकडा चढू लागला. वीस. पंचवीस. तीसवर मुलं गप्प झाली, कारण वर्गात कुणाचं कापड तिसाच्या पुढे गेलेलं नव्हतं. बत्तीस, चौतीस. सदतीस किलोवर पट्टी तुटली. "सदतीस!" ऐश्वर्या ओरडली, आणि मागून कुणीतरी शिट्टी मारली. प्रशांत सरांनी मागे वळून पाहिलं, पण रागावले नाहीत.

समिती गेल्यावर सर माझ्या टेबलाशी आले. मेमो फाडून टाकला. म्हणाले, "सांगायचं ना हो." मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. ते म्हणाले, "नमुना क्रमांक एक तुमच्या मिसेसची साडी आहे का, असं मी कसं विचारणार होतो?" हे बरोबर आहे. त्या दिवशी माझा चहाचा कप टेबलावर परत आला.

मला वाटलं, झालं. साडी घ्यावी आणि घरी जावं. पण समितीच्या अहवालात अध्यक्षबाईंनी एक ओळ लिहिली: "विभागातील संदर्भ नमुना अत्यंत आस्थेने जतन केलेला आढळला." मला वाटतं, त्यांनी माझ्यासाठी लिहिली. प्राचार्यांनी ती वाचली आणि त्या नमुन्याची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करायचा हुकूम काढला. या रजिस्टरात कॉलेजच्या मालकीच्या कायमच्या वस्तू असतात. त्यात नोंद झालेली वस्तू मोडली, गंजली, तरी हलवता येत नाही. आमच्या स्टोअरमध्ये एक पंखा आहे, त्याला पाती नाहीत, मोटर नाही, नुसती दांडी आहे. एकोणीस वर्षं दर मार्चमध्ये मी त्याची हजेरी घेतो. आता यंदापासून त्याच्या खाली साडीची हजेरी घ्यायची आहे. प्रशांत सर दोनदा प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य म्हणाले, अहवालात आलेली वस्तू मी कशी सोडू, तीन वर्षांनी समिती पुन्हा येईल आणि विचारेल, कुठे आहे?

तर साडी कपाटात का नाही, ते असं आहे. तुम्ही येऊन कपाट उघडण्याआधी तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. माझी चूक आहे. "बघतो" म्हणायला नको होतं. विठ्ठलरावांना नमस्कार, सुदेशला आणि सूनबाईंना आशीर्वाद, सान्वीला पापा.

आपला,
प्रभाकर

ता. क. प्रशांत सरांनी शेवटी एक वाट काढली आहे. प्राचार्य म्हणतात, तंतोतंत तशीच वस्तू बदली दिली तर मूळ वस्तू सोडता येईल. बाजारात तशी नाही, ते मी पाहून आलो आहे. तशी साडी एकच आहे आणि ती तुमच्या ट्रंकेत आहे. एकाच दुकानात, एकाच ढिगातून तुम्ही दोघींनी घेतलेल्या. तरी येताना ती घेऊन याल का? धुतलेली चालेल. खांद्याशी पिनेची भोकं असतील तर तीही चालतील, सर म्हणाले आहेत. ऐश्वर्या धागे मोजून घेणार आहे, तेवढं ती ऐकत नाही. तुमच्या साडीची तिथे आबाळ होणार नाही. एकवीस अंशांत राहील. मुलं चांगली आहेत.

ता. क. २. सान्वीच्या फ्रॉकच्या तुकड्यातून पाच सेंटिमीटरची एक पट्टी गेली आहे. ऐश्वर्याने कागदावर मांडून पाहिलं. फ्रॉक होतो, बाह्या होत नाहीत.

ता. क. ३. मंजुळाची सुटली की तुमचीच. वर्षश्राद्धाच्या दिवशी ती नेसून जेवायला बसा. मात्र देवरुखला जाताना ती माझ्याकडे ठेवून जाल का? म्हणजे तुम्ही एक साडी मागितली होतीत, आणि परत जाताना तुमच्याजवळ एकही नसेल, हे माझ्या लक्षात आलं आहे. "मग?" असं तुम्ही विचाराल. मग काही नाही, ताई. नेसल्यावर खळ मोडेल, ते मला कळतं. मोडू दे. तेवढी धुऊ नका.